मागील इतिवृत्त कायम

आमच्याकडे एखादा प्रश्न सोडवायचा असला तर महापालिका त्यावर माणसे आणि पैसा घालते. आणि एखादा प्रश्न गाडायचा असला तर त्यावर नागरिकांची सल्लागार समिती नेमते. हे वाक्य मी रागाच्या भरात लिहिलेले नाही. अडीच वर्षे मी अशा एका समितीचा सभासद होतो, तिच्या सात सभा मी बसून काढल्या, सातही सभांचा चहा प्यालो, आणि मगच हे लिहायला बसलो आहे.

दिवाळी अंकात, चकलीच्या डब्याशेजारी, हा रुक्ष विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. संपादकांनीही भीत भीत तेच विचारले. कादंबरीकाराने कथा द्यावी, फार तर एखादे प्रवासवर्णन द्यावे, असा त्यांचा आग्रह. परंतु वाचकहो, ज्या घरात हा अंक उघडला जाईल त्या घराचे पाणी, त्या घरापुढचा रस्ता, त्या घरातल्या पोरांचे मैदान आणि आकाशकंदील उतरवल्यावर कोपऱ्यावरचा दिवा लागतो की नाही ही बाब, हे सगळे महापालिकेच्या हातचे आहे. दिल्ली दूर आहे. मंत्रालयही काही जवळ नाही. ही एकच सत्ता अशी की जी अगदी उंबऱ्याशी येऊन उभी राहते. मग फराळाच्या बैठकीत तिच्याविषयी चार शब्द बोलायला काय हरकत आहे?

आमच्या शहराचे नाव मी सांगणार नाही. ते सांगितले तर बाकीची शहरे सुटतील.

हे समित्यांचे पीक आले कोठून, ते आधी पाहिले पाहिजे. १९९२ साली संसदेने घटनेत चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती केली आणि ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असल्याच पाहिजेत, असे तिने सांगितले. हेतू मोठा उदात्त होता. शहर वाढत चालले, कारभार मुख्य इमारतीतल्या मोठ्या दालनात अडकला, तेव्हा तो गल्लीपर्यंत आणावा. महाराष्ट्राने आपल्या महापालिका अधिनियमात त्यासाठी २९-अ हे कलम घातले. त्या कलमाप्रमाणे प्रभाग समितीत त्या भागातले नगरसेवक असतात, प्रभागाचा अधिकारी असतो, आणि समाजकार्य करणाऱ्या संस्थांतले जास्तीत जास्त तीन नागरिक घेता येतात. लाखभर वस्तीमागे तीन नागरिक! बरे, तेही असोत. पण ते निवडायचे कोणी? त्याच समितीतल्या नगरसेवकांनी. म्हणजे परीक्षेला बसणाऱ्या मुलाने आपला परीक्षक आपणच नेमायचा, आणि तोही शक्यतो आपल्या मामाच्या गावचा. मी शिक्षक आहे; अशा परीक्षेचा निकाल काय लागतो ते मला ठाऊक आहे.

पुढे २००५ साली केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरूंच्या नावाने नागरी पुनरुत्थानाची योजना काढली आणि निधी हवा असेल तर लोकसहभागाचा कायदा करा, अशी अट घातली. निधी कोणाला नको असतो? २००९ साली आपल्या राज्याने ‘क्षेत्रसभा’ कायद्यात आणली. मोजक्या मतदान केंद्रांच्या हद्दीतल्या मतदारांनी एकत्र बसावे, आपल्या भागाच्या कामांचा क्रम लावावा, लाभार्थी सुचवावेत. खेड्यात जशी ग्रामसभा तशी शहरात ही. कागदावर वाचले म्हणजे डोळे भरून येतात. आमच्या भागात ती भरल्याची दवंडी मी अद्याप ऐकलेली नाही, आणि ज्या ज्या शहरांतल्या शिक्षकमित्रांना मी विचारले त्यांनी ‘क्षेत्रसभा’ हा शब्दच मला दोनदा उच्चारायला लावला.

याखेरीज ज्यांना कायद्याचा फारसा आधार नाही अशा समित्यांची पंगत वेगळीच. वाहतूक सल्लागार समिती, स्वच्छता समिती, उद्यान समिती, आणि मी ज्या समितीवर होतो ती शहर सौंदर्यीकरण समिती. मी शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, त्यावर चित्रकलेची एक पदविका. आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. उड्डाणपुलाच्या खांबांवर मोर काढायचे तर मोर ठाऊक असलेला माणूस हवा, म्हणून मला घेतले असावे.

आमच्यात अकराजण होते. दोन निवृत्त अभियंते, दोन निवृत्त मुख्याध्यापक, एक डॉक्टर, व्यापारी संघाचे एक गृहस्थ, क्लबातल्या दोन भगिनी, एक वास्तुविशारद, मी, आणि महिला बचत गटांच्या वतीने घेतलेल्या एक मावशी. मावशी चार घरची धुणीभांडी करीत. सभा दुपारी तीनला असे. निवृत्तांना ती वेळ सोयीची, मला अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागे, आणि मावशींच्या दोन घरचे पैसे कापले जात. सभेला येण्याचा भत्ता नव्हता. सल्ला हा फुकट घ्यायचा पदार्थ आहे असे महापालिका मानते. जो फुकट देऊ शकतो तोच मग सल्ला देतो, आणि ज्याचा रोज बुडतो त्याचा सल्ला शहराला मिळत नाही. इतकी साधी गोष्ट समितीची वेळ ठरवणाऱ्या एकाही अधिकाऱ्याच्या ध्यानात आली नाही, की आली होती आणि म्हणूनच ती वेळ ठरली, याचा निवाडा मी वाचकांवर सोपवतो.

विषयपत्रिका आम्हाला घरी कधीच आली नाही. ती टेबलावर वड्याच्या बशीखाली ठेवलेली असे. मुख्य चौकात सत्तर लाखांचे कारंजे बांधायचे, हा दुसऱ्या सभेचा विषय. पडद्यावर चित्र दाखवले. पाणी तिरंगी उडत होते. ते चालू असतानाच मावशींनी हात वर केला. वर्गातल्या मुलीसारखा हात वर केला, हे मला अजून आठवते, कारण बाकीचे सगळे हात वर न करताच बोलत होते.

‘‘साहेब, कारंजं करा, त्याला आमची ना नाही. पण आमच्या वस्तीतल्या बायकांच्या संडासाला सहा खोल्या हायेत आणि दारं दोनच. कडी तर एकालाच. पोरी पहाटेच्या अंधारात एकमेकीला दाराशी उभी करून जातात. शाळेतल्या मुली त्या दिवसांत घरीच बसतात. ते आधी बघा, मग पाणी उडवा.’’

खोलीत शांतता झाली. व्यापारी संघाच्या गृहस्थांनी वडा खाली ठेवला. अध्यक्षस्थानी एक उपायुक्त होते. ते अत्यंत सौजन्याने म्हणाले, ‘‘नोंद घ्या.’’ कारकुनाने नोंद घेतली. मीही बोललो, एक निवृत्त अभियंता बोलले, आणि कारंज्याआधी त्या चार दारांचे काम व्हावे अशी आम्ही दोघातिघांनी स्पष्ट सूचना केली. दाराला किती पैसे लागतात? अभियंत्यांनी तिथल्या तिथे पाठीमागच्या कोऱ्या कागदावर हिशेब करून दाखवला. कारंज्याच्या एका महिन्याच्या विजेच्या बिलातही ती बसतील, असे ते म्हणाले.

तिसरी सभा चार महिन्यांनी भरली. मागील सभेचे इतिवृत्त वाचून दाखवण्यात आले. ते शब्दशः उतरवून घेण्याइतके मला सुचले याबद्दल मी माझ्या चित्रकलेच्या वहीचा ऋणी आहे. ‘‘महिला सदस्यांनी स्वच्छताविषयक उपयुक्त सूचना मांडल्या, त्यांचे स्वागत करण्यात आले. चौक सुशोभीकरणाच्या आराखड्यास समितीने सर्वानुमते संमती दर्शविली.’’

मी उभा राहिलो. अशी संमती झाली नव्हती, हे म्हणालो. दारांचा उल्लेख यात नाही, हेही म्हणालो. मावशी म्हणाल्या, ‘‘गुरुजी बरोबर सांगतात.’’ उपायुक्त हसले. ‘‘सर, इतिवृत्तात चर्चेचा गाभा असतो. सगळे शब्द घातले तर तुमची कादंबरी व्हायची!’’ सगळे हसले. मग ते म्हणाले, ‘‘मागील इतिवृत्त कायम.’’ आणि ते कायम झाले.

कारंजे झाले. उद्घाटनाच्या जाहिरातीत ‘नागरिकांच्या सल्ल्याने साकारलेले’ असे शब्द होते. मावशींच्या वस्तीतल्या बायकांनी शेवटी घरटी पन्नास रुपये वर्गणी काढली आणि पत्र्याची चार दारे बसवून घेतली. त्यानंतर महापालिकेचा माणूस आला, त्याने दारांचा फोटो काढला, आणि वार्षिक अहवालात तो ‘लोकसहभागातून स्वच्छता’ या मथळ्याखाली छापून आला. फोटो चांगला आहे. पत्र्यावर ऊन छान पडले आहे.

आता माझे भांडण काय आहे ते नीट समजून घ्या, कारण नगरसेवक मंडळी ते नेहमी दुसऱ्याच टोकाला नेऊन ठेवतात. आमच्या भागातले एक नगरसेवक मला रस्त्यात थांबवून म्हणाले, ‘‘सर, आम्ही मते मागतो, घरोघर पायऱ्या झिजवतो, शिव्या खातो. तुम्हाला कोणी निवडून दिले? उद्या तुमच्या समितीने म्हटले म्हणून मी कारंजे रद्द केले, तर चौकातल्या लोकांना मी काय सांगू?’’

हा प्रश्न खोटा नाही. मी तर म्हणतो, तो पूर्ण बरोबर आहे. सल्लागार समितीत बसणारे आम्ही लोक कोण? बहुतेक पेन्शनर, बहुतेक पक्क्या घरात राहणारे, इंग्रजी टिपण वाचता येणारे, दुपारी मोकळे असणारे. आमच्या अकराजणांत भाड्याच्या खोलीत राहणारे दोघेच, मावशी आणि मी. रस्ता झाडणारा एकही नव्हता, रिक्षावाला नव्हता, पंचविशीच्या आतले कोणी नव्हते. अशा लोकांच्या हाती शहराची किल्ली दिली तर फेरीवाले पहिले हाकलले जातील आणि चालायला जाणाऱ्यांसाठी मऊ पायवाटा होतील. आमच्या समितीत फेरीवाल्यांना ‘दृष्टीला खुपणारी गोष्ट’ म्हणणारे सभासद होते. त्यांच्याच भाजीवर त्यांची संध्याकाळची आमटी होत होती. तेव्हा नागरिकांच्या समितीला नकाराधिकार द्या, तिचा सल्ला बंधनकारक करा, असे जे माझे काही मित्र म्हणतात, त्यांच्याशी माझे जमत नाही. मत मागून आलेल्या माणसाने शेवटचा निर्णय घ्यावा. चुकला तर पाच वर्षांनी त्याला घरी पाठवता येते. आम्हाला कोण घरी पाठवणार? आम्ही तर घरीच बसलेले.

परंतु निर्णय त्याने घ्यावा, यातून उत्तर त्याने देऊ नये हे कसे निघते? सल्ला धुडकावण्याचा अधिकार महापालिकेला जरूर असावा. सल्ल्याला उत्तर न देण्याचा अधिकार तिला नसावा. माझे सगळे भांडण एवढ्याच एका गोष्टीसाठी आहे. ‘‘तुमची दारांची सूचना आम्ही पाहिली, ती आम्ही मान्य करीत नाही, कारण अमुक’’, एवढे एक पत्र मावशींच्या हाती पडले असते तर मी हा लेख लिहिला नसता. त्या ‘कारण अमुक’च्या जागी त्यांना काय लिहिता आले असते याची कल्पना करून पाहा. काहीच लिहिता आले नसते. म्हणून तर पत्र येत नाही. उत्तर लिहायला बसले की खोटे कारण लिहावे लागते किंवा काम करावे लागते, आणि दोन्हींना कष्ट पडतात. ‘नोंद घ्या’ म्हणायला काही पडत नाही.

अमेरिकेत शेरी अर्नस्टीन नावाच्या एका बाईने १९६९ साली या विषयावर एक निबंध लिहिला. तिथल्या सरकारच्या गृहनिर्माण व नगरविकास खात्यात तिने काम केले होते, म्हणजे ही सगळी लबाडी तिने आतून पाहिली होती. लोकसहभागाची तिने आठ पायऱ्यांची एक शिडी काढली. सगळ्यांत खालची पायरी फसवणुकीची, सगळ्यांत वरची लोकांच्या हाती कारभार देण्याची. मध्ये पाचव्या पायरीवर तिने जे ठेवले आहे त्याला मराठीत ‘समजूत घालणे’ म्हणता येईल: दोनचार भल्या माणसांना समितीवर बसवायचे, बोलू द्यायचे, आणि त्यांचे बोलणे योग्य की अयोग्य हे ठरवणे आपल्या हाती राखायचे. आमच्या समितीला मी पाचवी पायरीसुद्धा देणार नाही. समजूत घालायलाही निदान समोरच्याशी बोलावे लागते.

नेमलेल्या माणसाने तोंड उघडू नये असा काही आपला कुळाचार नाही. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होता आणि त्याच्या स्वागताप्रीत्यर्थ हजार रुपये खर्चावेत असे पुणे नगरपालिकेत निघाले. त्या ठरावाला विरोध करणारे एकटे जोतीराव फुले होते. हे पैसे गरिबांच्या शिक्षणाकडे लावा, असे त्यांचे म्हणणे. जोतीराव तेव्हा लोकांनी निवडून दिलेले सभासद नव्हते. १८७६ साली सरकारने त्यांना नेमले होते. रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव यायला अजून दोन वर्षे होती. ज्या सरकारने नेमले त्याच सरकारच्या सर्वांत मोठ्या साहेबाच्या स्वागताला त्यांनी नाही म्हटले! ठराव अर्थातच मंजूर झाला. पण विरोध झाला होता ही गोष्ट दप्तरात राहिली आणि म्हणून आज तुम्हाआम्हाला कळते. आमचे इतिवृत्त लिहिणारा कारकून तेव्हा पुण्यात असता तर ‘माननीय सदस्यांनी शिक्षणविषयक उपयुक्त सूचना मांडल्या, खर्चास सर्वानुमते संमती’ असे लिहून मोकळा झाला असता, आणि जोतीरावांचा तो दिवस इतिहासातून पुसला गेला असता. इतिवृत्त हा कारकुनी कागद आहे असे समजू नका.

माझ्या सहसभासदांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत, नाही तर महापालिकेवर अन्याय होईल. आमच्यापैकी चौघांनी सात सभांत मिळून एक वाक्य उच्चारले नाही. एका गृहस्थांनी समितीच्या सभासदत्वाचा उल्लेख आपल्या घराच्या पाटीवर रंगवून घेतला. अक्षरे मात्र बेढब आहेत, मला विचारले असते तर नीट काढून दिली असती. क्लबातल्या एका भगिनींनी मावशींना सभेनंतर बाजूला घेऊन सांगितले की, ‘‘असे विषय सगळ्यांसमोर काढायचे नसतात गं, त्यांना अवघड होते.’’ अवघड कोणाला झाले होते ते मी वर सांगितलेच आहे. ज्या समितीला आपल्या शब्दाला किंमत नाही हे कळते, तिच्यातले स्वाभिमानी लोक येईनासे होतात आणि वड्यासाठी येणारे उरतात. मग महापालिका म्हणते, पाहा, नागरिकांना रसच नाही!

नागरिकांना रस नाही, हे तर मला मुळीच मान्य नाही. मुंबईचा पुढल्या वीस वर्षांचा विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांनी नकाशे उघडून गल्ली न गल्ली तपासली, चुका दाखवल्या, हजारो हरकती दाखल केल्या; आणि एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारला तो आराखडा नव्याने तपासायला परत पाठवावा लागला. माझ्यासारख्या चित्रकलेच्या मास्तराला त्यातली गंमत कळते. हिरवा रंग कोठे पुसला गेला हे शोधायला लोक भिंग घेऊन बसले होते. त्याच मुंबईत चार वर्षांनी, २०१९ मध्ये, आरे वसाहतीतल्या मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडण्याचा प्रस्ताव वृक्ष प्राधिकरणापुढे आला. तेव्हाही हरकतींचा पाऊस पडला. प्राधिकरणाने प्रस्ताव मंजूर केला, तज्ज्ञ सभासदांपैकी दोघांनी राजीनामे दिले, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या त्याच रात्री करवती चालू झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर बहुतेक झाडे आडवी झाली होती. मेट्रो हवी की झाडे हवीत, हा वाद इथे मी काढत नाही. मेट्रोने जाणारेही नागरिकच आहेत. पण ज्याने आपल्या हस्ताक्षरात हरकत लिहून दिली त्याला ‘तुझ्या या मुद्द्याचे आम्ही असे केले’ हे सांगितल्यावाचून करवत हाती घेणे, याला सल्ला घेणे म्हणत नाहीत.

उत्तर देणे अवघड आहे, लोक फार, कामे फार, असे अधिकारी सांगतात. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे या शहराने १९८९ साली अर्थसंकल्पाची कामे लोकांच्या सभांतून ठरवायला सुरुवात केली. ते शहर काही आपल्यापेक्षा श्रीमंत माणसांचे नव्हते. सभांना येणाऱ्यांत गरीब वस्त्यांतले लोकच अधिक. तिथल्या रीतीत मला एकच गोष्ट मोलाची वाटते. वर्षाच्या पहिल्या फेरीच्या सभांत नवे काही मागण्याआधी, मागच्या वर्षी ठरलेल्या कामांचे काय झाले, याचा हिशेब नगरप्रशासन लोकांपुढे मांडत असे. मागील इतिवृत्त ते असे कायम करीत! आपल्या पुण्यातही २००६ पासून नागरिकांकडून अर्थसंकल्पासाठी कामे मागवण्याची पद्धत सुरू झाली, त्याबद्दल पुण्याला शाबासकी दिली पाहिजे. लोक अर्ज भरतात, पदपथ मागतात, बाके मागतात, दिवे मागतात. आता त्या अर्जाच्या पाठीमागे ‘झाले’ किंवा ‘झाले नाही, कारण’ असे लिहून तो प्रत्येकाच्या घरी परत पाठवण्याची पद्धतही सुरू व्हावी.

आणि नगरसेवक मंडळींनो, हे तुमच्याही हिताचे आहे. मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुणे आणि इतर अनेक महापालिकांची मुदत संपली, निवडणुका कोर्टकचेऱ्यांत अडकल्या, आणि जानेवारी २०२६ मध्ये मतदान होईपर्यंत शहरे प्रशासकांच्या हाती राहिली. त्या काळात तुम्हीही आमच्यासारखेच झाला होता. तुम्ही पत्रे दिलीत, निवेदने दिलीत, आणि साहेबांनी ‘नोंद घ्या’ म्हटले. आमच्या भागातले तेच नगरसेवक, ज्यांनी मला ‘तुम्हाला कोणी निवडून दिले’ म्हणून विचारले होते, ते त्या काळात मला प्रभाग कार्यालयाच्या बाकावर अर्ज घेऊन बसलेले भेटले. मी काही बोललो नाही. आम्ही दोघे शेजारी शेजारी बसलो. त्या दिवशी कार्यालयात जर उत्तर देण्याची सवय असती, प्रत्येक अर्जाला कारणासह उत्तर देण्याचा धाक असता, तर तो त्यांच्याही कामी आला असता.

नवा कायदा करा असे मी म्हणत नाही. जो आहे तो उघडून वाचा. २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातले चौथे कलम घ्या. सल्ला देण्यासाठी कोणकोणत्या समित्या नेमल्या आहेत, त्यांच्या सभा लोकांना खुल्या आहेत की नाहीत, त्यांची इतिवृत्ते लोकांना पाहता येतात की नाहीत, हे कोणी न विचारता आपण होऊन प्रसिद्ध केले पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. त्याच कलमात पुढे, प्रशासकीय निर्णयांची कारणे ज्यांच्यावर त्यांचा परिणाम होतो अशा माणसांना दिली पाहिजेत, असेही लिहिले आहे. मी मागतो ते उत्तर कायद्याने केव्हाच देऊन ठेवले आहे. फक्त ते महापालिकेच्या जिन्यावरून खाली उतरत नाही.

म्हणून माझ्या मागण्या अगदी कारकुनी आहेत, त्यांत काव्य नाही. विषयपत्रिका सभेच्या आठ दिवस आधी घरी यावी, मराठीत यावी. सभा संध्याकाळी घ्यावी. ज्याचा रोज बुडतो त्याला त्या दिवसाचा रोज द्यावा. सत्तर लाखांच्या कारंज्याला तेवढा शिंतोडा सहज परवडेल. सभासद नगरसेवकांनी निवडू नयेत. वस्त्यांच्या, बाजारांच्या, शाळांच्या सभांतून नावे यावीत आणि अधिक आली तर चिठ्ठ्या टाकाव्यात. इतिवृत्त सभा संपण्याआधी वाचून दाखवावे, विरोध असेल तो विरोध म्हणून नावासह लिहावा. आणि प्रत्येक सूचनेला तीस दिवसांत लेखी उत्तर: मान्य, किंवा अमान्य आणि त्याचे कारण, खाली अधिकाऱ्याची सही.

आमच्या समितीची मुदत गेल्या वर्षी संपली. नवी नेमलेली नाही. मावशींनी मला विचारले, ‘‘गुरुजी, आपण जे बोललो ते कुठं तरी लिहिलेलं असंल ना?’’ तेव्हा आम्ही दोघांनी मिळून अर्ज केला आहे. महाराष्ट्रात माहितीचा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत लिहावा लागतो. चारशे पानांच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला हा नियम चांगलाच झोंबतो, पण मावशींनी मजकूर सांगितला आणि तो साठ शब्दांत संपला. समितीच्या सात सभांत किती सूचना आल्या, त्यांपैकी किती सूचनांना लेखी उत्तर दिले, आणि दुसऱ्या सभेत दारांविषयी केलेल्या सूचनेवर कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या तारखेला काय शेरा मारला, एवढेच विचारले आहे. शुल्क दहा रुपये, ते मावशींनी मला देऊ दिले नाही. अर्जावर सही त्यांची आहे. पोच मिळाली आहे. तीस दिवसांची मुदत दिवाळीच्या पाडव्याला संपते.